प्रीअँपला पाणी घालणारा सेक्रेटरी

यंत्राला तहान लागते हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं. तोवर तहान माणसांना, गुरांना आणि आमच्या सोसायटीच्या टाकीला लागते, एवढीच माझी माहिती होती. साल दोन हजार सोळा. जायकवाडीचं पाणी तळाला गेलेलं, शहर मात्र बीड बायपास ओलांडून डोंगराला जाऊन टेकलेलं, आणि आमच्या गारखेड्यात नळाला पाचव्या दिवशी पाणी. त्या पाचव्या दिवसाला आमच्याकडे सणाचा मान होता. पाहुण्यांना 'या एकदा घरी' म्हणतानासुद्धा लोक मनातल्या मनात दिवस मोजून म्हणत.

आमची सोसायटी आठ बिऱ्हाडांची, आणि मी तिचा सेक्रेटरी. वाळूजच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं स्टोअरकीपर होतो. ज्यानं तीन पाळ्यांचे नटबोल्ट सांभाळले त्याला आठ बिऱ्हाडं काय जड, असं म्हणून लोकांनी हे पद माझ्या गळ्यात घातलं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं. माणसांची नोंद ठेवायची माझी जुनी खोड आहे. कोण नळ सुटायच्या आधी दहा मिनिटं जिन्यात उगाच घुटमळतं, कोण 'आमच्याकडे थेंब नाही हो' म्हणताना ओला टॉवेल खांद्यावर टाकून येतं, हे मला पाठ होतं. त्या उन्हाळ्यात मी फळ्यावर नियम लावला होता: झाडांना पाणी घालू नये, गाड्या धुऊ नयेत, पाण्याचा एक पेलाही जमिनीवर ओतू नये. खाली सही, हुकमावरून. तळमजल्यावरच्या यमुनाबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांच्या मोगऱ्याला लोटीभर पाणी घालताना सापडल्या तेव्हा मी त्यांना तो फळा बोट लावून वाचून दाखवला होता. ज्या बाईनं अर्ध्या गावाला वाचायला शिकवलं तिला. मोगरा पुढच्याच आठवड्यात वाळला. मुख्याध्यापिका लगेच बोलत नाहीत, त्या परीक्षेची वाट बघतात.

आता त्या यंत्राचं. माझ्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यात तबकडी वाजवायचं टर्नटेबल आहे, एक मोठा अँप्लिफायर आहे आणि त्या दोघांच्या मध्ये एक लोखंडी डबा आहे. दोन गोल खटके, एक हिरवा दिवा. हा प्रीअँप्लिफायर. तबकडीवर फिरणाऱ्या सुईतून जे निघतं ते इतकं बारीक असतं की मोठ्या अँप्लिफायरला ते ऐकूच जात नाही. साहेबाशी थेट बोलायची ज्याची हिंमत नाही असा कारकून समजा. तर त्या कारकुनाचं म्हणणं नीट ऐकून, जरा मोठ्या आवाजात, एकही शब्द न बदलता साहेबाला सांगायचं, हे या डब्याचं काम. कडुबा साळवे नावाच्या आमच्या कारखान्यातल्या इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकनं तो सत्त्याऐंशी साली स्वतःच्या हातानं बनवला. त्यांनी असे तीनच डबे बनवले. एक जळाला, एक त्यांच्या साडूनं विकून टाकला, उरला तो हा.

पाडव्याला आमचा शंतनू पुण्याहून आला. येताना त्यानं सुपारीच्या डब्याएवढं एक काळं यंत्र आणलं. ते थेट मोठ्या अँप्लिफायरला जोडलं, फोनवर बोट फिरवलं आणि घरभर गाणं सुरू झालं.

"बाबा, स्वतंत्र प्रीअँप आता कोण ठेवतं? आवाज कमीजास्त करायचा तर यातच होतो, फोनवर होतो. तुमचा तो डबा मध्ये बसून फक्त खरखर घालतो."

"खरखर? कडुबाभाऊंच्या हातचा आहे तो."

"ऐका तर." त्यानं तबकडी न लावताच प्रीअँपचा खटका पूर्ण फिरवला. स्पीकरमधून आवाज आला, घूंऽऽ. जाड, सलग, पोटात जाणारा.

स्वयंपाकघरातून वैदेहीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, विचारलं, "टँकर आला का?"

मी लगेच परीक्षा घ्यायचं ठरवलं. वैदेहीच्या डोळ्यांवर पंचा बांधला आणि फोनमधलं एकच गाणं तिला तीनदा ऐकवलं, कधी प्रीअँपमधून, कधी थेट. ते वाजत असताना घूं झाकली जात होती. शंतनू तारा बदलत होता, मी श्वास रोखून उभा. तिसऱ्या वेळी तिनं पंचा सोडला आणि म्हणाली, "तिन्ही वेळा तेच गाणं. तुम्ही काय बदलत होतात?" मलाही फरक कळला नव्हता, पण हे मी इथं प्रथमच कबूल करतोय.

"फोनच्या गाण्याला डबा लागत नसेल," मी म्हणालो, "पण तबकडी त्याच्याशिवाय मुकी आहे."

"वर्षात किती तबकड्या लावता?" वैदेहीनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता मुद्द्यावर आली. "त्या कोपऱ्यात दोनशे लिटरचा ड्रम बसतो. मी मापून ठेवलंय. डबा गेला की टर्नटेबलही जाईल आणि कोपरा मोकळा होईल."

तिनं मापून ठेवलं होतं यानं मला जास्त लागलं. तडजोड ठरली. शंतनू पुन्हा अक्षय्य तृतीयेला येणार होता. तोवर घूं थांबली तर डबा राहील. नाही थांबली तर शंतनू तो भंगारात देईल आणि कोपऱ्यात निळा ड्रम येईल. मी मोठ्या तोऱ्यात हो म्हणालो. हातात एक महिना होता.

पहिला आठवडा शेजाऱ्यांच्या सल्ल्यात गेला. वरच्या मजल्यावरचा मिहिर कॉम्प्युटरचे वर्ग घेतो. तो म्हणाला, काका, तारा एकमेकींना समांतर नकोत, काटकोनात न्या. मी तारा इतक्या काटकोनात नेल्या की वैदेही दोनदा अडखळली. कोणी म्हणालं, डब्याखाली रबर घाला. कोणी म्हणालं, डबा दक्षिणेकडे तोंड करून आहे, तो कसा सुखी असेल. मी त्याचं तोंड पूर्वेला केलं. घूं पूर्वेकडून येऊ लागली.

मग आला अतुल, आमच्या भागाचा वायरमन. त्यानं डब्याकडे पाहिलं, प्लगकडे पाहिलं, आणि म्हणाला, "काका, टेन्शन कशाला घेता? तीन पिनांतली ही जाड पिन अर्थिंगची. तिला काढून टाकतो. झंझटच खतम." पक्कड काढून त्यानं ती वायर तोडलीसुद्धा. घूं खरोखर निम्मी झाली. मी त्याला चहा पाजला, वैदेहीला बोलावलं, विजयी चेहऱ्यानं खटक्याला हात लावला, आणि कोपरापर्यंत कोणीतरी आतून चिमटा काढला. मी हात मागं घेतला आणि, घरात दोन माणसं बघत असल्यामुळं, केसांवरून फिरवला. वैदेही म्हणाली, "केस उभे राहिलेत." अतुल तोवर चपला घालत होता.

माझ्याकडे आता एकच दार उरलं होतं, आणि ते ठोठावायची लाज वाटत होती. कडुबाभाऊ मुकुंदवाडीला राहतात. तीन वर्षांत मी त्यांच्याकडे फिरकलो नव्हतो. फोन केला तर तासाभरात स्कूटरवर हजर. खांद्याला पिशवी, कानाला जानव्यासारखी अडकवलेली चष्म्याची दोरी.

"काय स्टोअरकीपर, माझ्या डब्याला पोटदुखी झाली म्हणे."

"शंतनू म्हणतो, आता याची गरजच नाही."

"पोरगं खोटं बोलत नाय," ते शांतपणे म्हणाले. "फोनच्या गाण्याला हा नाय लागत. ते गाणं आधीच मोठं होऊन येतंय. पण ही सुई बघा." त्यांनी टर्नटेबलची सुई नखावर धरली, तांदळाच्या कणीएवढं टोक. "हिच्यातून जे येतंय ते व्होल्टचा हजारावा वाटा. एवढुसं. पण बाईनं घेतलेला श्वास, तबलजीनं पुसलेला हात, समोरच्या रांगेतलं खोकणं, समदं त्याच्यात. ते वाढवायचं अन् आपल्या पदरचं काई घालायचं नाय. लई अवघड काम हाय. माणसाला जमत नाय."

मला यमुनाबाई आठवल्या. त्यांच्या कानावर पडलेली कणीएवढी बातमी संध्याकाळपर्यंत आठही घरांत पोहोचते, आणि पोहोचते तेव्हा तिला हातपाय फुटलेले असतात. खरंच, माणसाला जमत नाही. मी त्या लोखंडी डब्याकडे पहिल्यांदाच आदरानं पाहिलं. तीस वर्षं मी त्यावर चष्मा ठेवत होतो.

कडुबाभाऊंनी आधी अतुलनं तोडलेली वायर जोडली, जोडताना अतुलबद्दल एक शब्द बोलले तो इथं देत नाही. मग डबा उघडला, आत डोकावले, पुन्हा बंद केला. खटका फिरवून डोळे मिटून बसले. घूंऽऽ. वैदेही चहा घेऊन आली तर त्यांनी हातानंच थांब म्हणून सांगितलं. ती तशीच कप धरून उभी राहिली. माझ्या घरात माझ्या खुणेवर ती कधी उभी राहिलेली मला आठवत नाही.

"हा आवाज माझ्या डब्याचा नाय," ते डोळे उघडत म्हणाले. "हा जमिनीचा हाय."

"म्हणजे?"

"बिल्डिंगचं अर्थिंग. घरोघरच्या फ्रिजातून, गिझरातून, मोटारीतून जी थोडीथोडी वीज गळते ती एका तारेतून खाली जमिनीत जाती. खड्डा असतो, तांब्याची पट्टी, भोवती कोळसा अन् मीठ. त्याला ओल लागती. ओल नसली तर जमीन वीज घेत नाय, ती वरच लोंबकळती. बाकीच्या यंत्राला पत्ता नाय, पण या डब्याचं कामच बारकं ऐकायचं. त्याला ऐकू येतंय. चार साल झाले पाऊस नाय धड. जमीन वाळली, स्टोअरकीपर. ते तुमाला इथं सोफ्यावर बसून ऐकू येऊ राहिलंय."

मी त्या घूंकडे पुन्हा कान लावला. पेपरात दुष्काळाचे फोटो रोज होते, भेगाळलेल्या जमिनीचे, रिकाम्या धरणाचे. पण आमच्या इमारतीखालची जमीन वाळून वर येऊन बोलत होती आणि मी तिचं तोंड पूर्वेला करत होतो. वैदेहीनं कप खाली ठेवला.

"खड्डा कुठं हाय तुमचा?" कडुबाभाऊंनी विचारलं.

आणि मग मला आठवलं. दोन वर्षांपूर्वी आमच्या अंगणात माती होती आणि शेजारी सहा मजली टॉवर उठत होता. त्यांच्या अंगणात सिमेंटचे रंगीत गट्टू, आमच्याकडे धूळ. सोसायटीची अब्रू गेली असं मला वाटलं. मी ठराव मांडला, मीच त्याचा पाठपुरावा केला, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत लाल-करडे गट्टू बसवून घेतले. कोपऱ्यात एक छोटं लोखंडी झाकण मध्ये येत होतं. मिस्त्रीनं विचारलं, साहेब, याचं काय करू? मी म्हणालो, दिसायला बरं दिसत नाही, वरून घे. उद्घाटनाला मी पेढे वाटले होते.

"सापडेल," मी म्हणालो.

मी नियमाचा माणूस. आधी रीतसर मार्ग. वीज कचेरीत गेलो. खिडकीतले गृहस्थ सभ्य होते. म्हणाले, मीटरपर्यंतचं आमचं, पुढचं तुमचं. बिल्डरच्या ऑफिसात गेलो, ते आता शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं, आणि तिथल्या मुलीनं सांगितलं की ताबा दिला त्या दिवशी जमीनही तुमची झाली, खालपर्यंत. पाण्याच्या कचेरीत मी चुकून 'खड्ड्यात पाणी घालायचंय' असं वाक्य उच्चारलं. रांगेतले लोक एका पावलानं लांब झाले. टेबलामागच्या बाई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि मग शेजारणीला म्हणाल्या, "उन्हाचा त्रास आहे, यांना आधी बसायला द्या." मी बसलो. ग्लासभर पाणी मिळालं, ते प्यालो. त्या उन्हाळ्यात सरकारकडून मला मिळालेलं तेवढंच.

सर्वसाधारण सभा बोलावून खड्डा उकरायचा तर गट्टूंचा विषय निघणार आणि मीच झाकण बुजवलं हे चव्हाट्यावर येणार. म्हणून मी एक असा निर्णय घेतला जो फक्त अब्रूदार माणूसच घेऊ शकतो. गुपचूप करायचं ठरवलं. भर दुपारी अडीच वाजता, बेचाळीस अंशात, जेव्हा सगळी सोसायटी पंख्याखाली झोपते.

पहिल्या दुपारी कडुबाभाऊ मीठ आणि कोळशाची पिशवी घेऊन आले. चार गट्टू उचकटले, झाकण निघालं. आतला कोळसा भाकरीच्या तव्यासारखा कोरडा. त्यांनी नवा कोळसा भरला, मीठ पसरलं, मी माझी आंघोळीची बादली ओतली. जमिनीनं फुस्स केलं. अगदी स्पष्ट, मी ऐकलं. वर जाऊन खटका फिरवला तर घूं निम्मी. मी कडुबाभाऊंचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला. "आत्ताच नाचू नका. आज पिली, उद्या पुन्हा मागंल. आठ दिवस रोज घाला. मग खालपातूर ओल जाईल."

दुसऱ्या दुपारी घूं पुन्हा जाडजूड झाली होती. मी बादली घातली. रोज आंघोळीऐवजी अंग पुसून घेऊ लागलो. वैदेही म्हणाली, "वास येतोय." मी म्हणालो, "उन्हाळा आहे." तिसऱ्या, चौथ्या दुपारी तेच. तृतीयेला आता थोडेच दिवस होते आणि घूं रोज संध्याकाळी परत येत होती, थोडी बारीक होऊन, पण येत होती. एक बादली पुरत नव्हती. दुसरी बादली माझ्याकडे नव्हती.

पाचव्या दुपारी मी गुडघ्यावर बसून मूठभर मीठ टाकत होतो. नेम धरून टाकायचं म्हणून तोंडानं 'एक, दोन, तीन' मोजत होतो. मागं वळून पाहिलं तर तळमजल्याच्या खिडकीत यमुनाबाई उभ्या. त्यांना दिसलं ते असं: निवृत्त स्टोअरकीपर, भर दुपारी, डोक्याला पंचा, खड्ड्यात कोळसा, वरून मीठ, तोंडानं काही पुटपुटणं, आणि शेवटी एक पूर्ण भरलेली बादली, जमिनीवर.

"सेक्रेटरी," त्या म्हणाल्या. आवाज अगदी हळू. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल इतका हळू.

"यमुनाबाई, हे अर्थिंग आहे."

"असेल. करणीलाही हल्ली इंग्रजी नाव असेल."

संध्याकाळपर्यंत बातमी आठही घरांत गेली होती. पहिल्या मजल्यावर ती 'सेक्रेटरी पाणी ओततात' अशी होती, गच्चीपर्यंत पोहोचता पोहोचता 'सेक्रेटरींनी टाकीवर काहीतरी उतरवलंय' अशी झाली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर माझ्या नियमाच्या बरोबर खाली, सुंदर मुख्याध्यापकी अक्षरात, सूचना होती: रविवारी सकाळी दहा वाजता सभा. विषय: नियम कोणासाठी असतात.

रविवारी शंतनूही पोहोचला, उद्याची तृतीया. त्याच्या गाडीच्या टपावर, दोरीनं बांधलेला, निळा ड्रम होता. वैदेहीनं सांगितला होता. मी ड्रमकडे पाहिलं नाही.

सभा पार्किंगमध्ये भरली. यमुनाबाई खुर्चीत, बाकीचे उभे, मी मध्यभागी. माझ्या बाजूनं बोलायला कडुबाभाऊ आले होते, पण त्यांना मी आधीच सांगितलं होतं की झाकणाचा विषय काढू नका.

"सेक्रेटरींनी माझ्या मोगऱ्याला लोटीभर पाणी नाकारलं," यमुनाबाई म्हणाल्या. "ते मी मानलं. नियम होता. आता त्यांनी सांगावं, पाच बादल्या पाणी मातीत कशासाठी गेलं?"

"गाण्यासाठी," असं उत्तर माझ्या तोंडून निघालं. मिहिरची बायको म्हणाली, "अगंबाई."

कडुबाभाऊ पुढं झाले. "बाई, एक विचारू का? तुमच्या हाताला कधी मुंग्या येत्यात का?"

यमुनाबाई दचकल्या. "तुम्हाला कोणी सांगितलं? वाशिंग मशिनमधून कपडे काढताना येतात. वात आहे माझा. काढा चालू आहे."

"अजून कोणाला?"

मग मिहिर हळूच म्हणाला, त्याला गिझरच्या नळाला हात लावला की चुणचुण होते, त्याला वाटायचं थंडगरम पाण्यामुळं. तिसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा म्हणाले, फ्रिज उघडताना होतं, डॉक्टरांनी साखर तपासायला सांगितली, ती निघालीसुद्धा. त्यांची सून म्हणाली, मी तर फ्रिजला रबरी चपला घालूनच हात लावते, मला वाटलं माझाच पाय अधू आहे. एकेक करून आठही घरांतून हात वर आले. प्रत्येकाला वेगळा आजार होता आणि प्रत्येकाचं औषध चालू होतं.

"आजार कोणालाच नाय," कडुबाभाऊ म्हणाले. "जमीन वाळलीय. वीज खाली जात नाय म्हणून तुमच्या हातातून वाट बघती. आज मुंग्या हायेत. उद्या ओल्या हातानं मोटार धरली तर मुंग्या नसतील."

आजोबांनी सुनेच्या पायाकडे पाहिलं.

"पण खड्डा वाळला कसा?" यमुनाबाईंनी विचारलं. "झाकण काढून पाणी घालतच असतील ना पूर्वी. ते झाकण कुठं गेलं?"

कडुबाभाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि दिलेल्या शब्दाला जागून आभाळाकडे बघू लागले. मी एकतीस वर्षांच्या नोकरीत कधी खोटी नोंद केली नाही. "गट्टूंखाली," मी म्हणालो. "मीच बुजवलं. दिसायला बरं दिसत नव्हतं."

पेढे सगळ्यांनाच आठवले असावेत. पण यमुनाबाईंनी फक्त मान हलवली, जशी त्या उत्तर बरोबर आल्यावर हलवत असतील, विद्यार्थी कितीही नालायक असला तरी.

"हे सगळं तुमच्या त्या डब्याला कळलं?" त्यांनी विचारलं.

"हौ," कडुबाभाऊ म्हणाले. "चला वर, ऐकवतो."

अठरा माणसं माझ्या दिवाणखान्यात मावली. कशी ते विचारू नका. कडुबाभाऊंनी खटका फिरवला. घूंऽऽ. आजोबांनी कानामागं हात धरला. शंतनूनं आपल्या सुपारीच्या डब्याकडे पाहिलं, त्यातून कधी ही घूं आली नव्हती.

"याला का नाही येत हा आवाज?" मी मुद्दाम विचारलं.

"याला दोनच पिना आहेत, बाबा," शंतनू हळूच म्हणाला. "याचा जमिनीशी संबंधच नाही." मग बॅगेतून व्होल्ट मोजायचं मीटर काढून त्यानं भिंतीतल्या प्लगात टोचून पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. "बेचाळीस व्होल्ट. अर्थवर. इथं दोन-तीनच्या वर नको." तो माझ्याकडे न बघता आईकडे बघत होता. "आई, तू रोज मशीनला हात लावतेस."

"अतुल, खाली उभा राहा खड्ड्यापाशी," कडुबाभाऊ खिडकीतून ओरडले, कारण अतुलही सभेला आला होता, मागं मागं राहून. मग ते आत वळले. "आता पाणी लागंल."

नळ यायला दोन दिवस होते. प्रत्येकाला आपापल्या घरातली भांडी मोजून माहीत होती. कोणी कोणाकडे बघेना. मला वाटलं, संपलं. ड्रम खाली उभाच आहे.

वैदेही उठली, आत गेली, आणि झाकलेली बादली घेऊन आली. "ही माझी आंघोळीची," ती म्हणाली. "यांची तर कधीच मातीत गेली, आता कळलं वास कसला ते." लोक हसले. शंतनू बादली घेऊन खाली धावला. आम्ही ऐकत होतो. दोन मिनिटं काही नाही. मग घूं जराशी खचली, जशी मोठ्या गाडीनं उताराला गिअर बदलावा. पुन्हा अडली.

"अजून," कडुबाभाऊ म्हणाले.

यमुनाबाई खाली गेल्या. परत आल्या तेव्हा हातात बादली, पाणी राखाडी. "धुण्याचं शेवटचं आहे. चालेल का?"

"जमिनीला काय हो बाई. चालतंय."

मग जिन्यावरून रांगच लागली. कोणाचं भाजी धुतलेलं, कोणाचं तांदळाचं, कोणाचं कूलरच्या तळातलं. घरोघर ते कुठल्या ना कुठल्या कारणासाठी राखून ठेवलेलं होतं, मी सेक्रेटरी असून मला त्यातल्या निम्म्याचा पत्ता नव्हता. एकेक बादली खाली रिती होत होती आणि वर तो आवाज एकेक पायरी उतरत होता. पंधरा मिनिटं झाली असतील, कोणी खोकलंसुद्धा नाही. आवाज बारीक झाला, मग डासाएवढा, मग तो आहे की आपल्याच कानात आहे असा संशय यावा इतका. आणि मग नव्हता. हिरवा दिवा लागलेला, खटका पूर्ण फिरवलेला, आणि स्पीकरमधून काहीच नाही. तिसऱ्या मजल्यावरची सून तोंडावर पदर धरून उभी होती. मी आयुष्यात पुष्कळ मैफली ऐकल्या, पण एवढं मोठं काही माझ्या घरात कधी आलं नव्हतं.

शंतनूनं मीटर पाहिलं. "तीन," तो म्हणाला. मग वाकून त्यानं डब्यावरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसली. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

"रोज एका घरानं एक बादली, वापरलेलीच," यमुनाबाईंनी ठराव मांडला. "आणि आवाज परत येतो का ते सेक्रेटरी रोज ऐकतील. डबा हलवायचा नाही." वैदेहीनं अनुमोदन दिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ड्रम बेडरूममध्ये. तुमच्या बाजूला." कडुबाभाऊ चष्मा पुसत होते, बराच वेळ.

विजयाच्या भरात मी कपाट उघडलं, सगळ्यांत आवडती तबकडी काढली आणि म्हणालो, "आता गाणं लावतो."

यमुनाबाईंनी बोट वर केलं. "थांबा हो जरा," त्या म्हणाल्या. "ऐकू द्या."

मी तबकडी पोटाशी धरून खाली बसलो, आणि आम्ही सगळे, रिकाम्या बादल्या मांडीवर घेऊन, ते काहीच नसणं ऐकत राहिलो.